थेक्लाचा हिरवा गालिचा

थेक्लाला धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो, ही गोष्ट खालच्या खोऱ्यात फक्त दोघींना ठाऊक नव्हती. एक तिची आई आणि दुसरी खुद्द थेक्ला. तिला कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "हेवा? आणि मला? त्या बिबीचा? आहे काय तिच्याकडे हेवा करण्यासारखं?" आणि मग सुपारी चघळत, चुन्याची काडी हवेत नाचवत, बिबियानाकडे काय काय आहे ते अर्धा तास सांगत बसायची.

तर बिबियानाकडे लांब केस होते. समुद्रापलीकडे राबाउलच्या नन्सनी शिकवलेली शिवणकला होती. चर्चमध्ये पहिला सूर धरणारा गळा होता. नवरा नव्हता, तो दुसरीबरोबर निघून गेला होता. पण त्याचंही तिने भांडवल केलं नाही, ती हसत परत आली, आणि हे तर थेक्लाला फारच झोंबलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईने निदान चार दिवस तोंड पाडून बसावं की नाही?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिबियानाकडे आता आई होती.

बेटाला वेढा पडला होता त्या वर्षांत, जेव्हा बंदुका चालत होत्या आणि मीठसुद्धा मिळत नव्हतं, तेव्हा थेक्ला आईबरोबर डोंगरात राहिली होती. आईला ताप चढला की तिला पाठीवर घेऊन ओढे ओलांडायची. बिबी तेव्हा होडीत बसून राबाउलला सुखरूप पोचली होती, नन्सच्या शाळेत, इस्त्रीच्या कपड्यात. लढाई संपली, खोऱ्यात घरं परत उभी राहिली, आई थेक्लाच्या घरी राहिली. आणि आता इतक्या वर्षांनी धाकटी परत आली, नदीकाठी एक खोपटं बांधलं, तर दुसऱ्याच आठवड्यात म्हातारीने आपली चटई गुंडाळली.

"बिबी एकटी आहे गं," आई म्हणाली. "तुझ्याकडे कामिलुस आहे."

थेक्लाने नवऱ्याकडे पाहिलं. कामिलुस ओसरीवर आडवा होऊन केळं खात होता. याच्या बदल्यात आई गेली, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण आई गेली ती नुसती चटई घेऊन नाही. तिच्याबरोबर नदीचं वळण जाईल की काय, ही धास्ती थेक्लाच्या मनात बसली. खाणीच्या कंपनीने वरचा डोंगर कुटला होता, त्यातलं तांबं आणि सोनं नेलं होतं, आणि कुटून उरलेला चोथा नदीत सोडला होता. कंपनी कधीच गेली. चोथा राहिला, खोरंभर, राखाडी वाळू होऊन. कंपनीच्या यंत्रांना जे सोनं सापडलं नाही ते त्या वाळूत बारीक पूड होऊन आहे, आणि नदीकाठची माणसं झारेकऱ्यांसारखी ती वाळू धूत बसतात. थेक्लाच्या आईच्या कुळाकडे जे वळण होतं तिथे पाणी मंदावतं, आणि जिथे पाणी मंदावतं तिथे सोनं बसतं. वरच्या अंगाला बारीक, भरघोस. खालच्या काठाला नुसते गोटे.

जमीन इथे लेकीकडे जाते. जावई बायकोच्या जमिनीवर येऊन राहतो. सगळेच घरजावई असल्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. आजीच्या थडग्यावर सिमेंट घालून कुळाला जेवण द्यायचं ठरलं होतं, त्या जेवणाच्या दिवशी तोनेवामामा उभा राहून सांगणार होता, की आईच्या मागे वळण कोणाच्या हाती. ज्या लेकीच्या हाती वळण, तिने सांगायचं कोणी कुठे खणायचं. थेक्ला थोरली. त्या वाळूत तिचे गुडघे झिजले होते. वर्षभरापूर्वी तिने याचा विचारसुद्धा केला नसता. आता मात्र ती रोज करत होती, आणि विचारात विचार असा, की वळण एकदा हातात आलं, की बाईसाहेबांना गोड बोलून खालच्या काठाला पाठवायचं. गोटे धू म्हणावं, आणि गा पहिला सूर.

मग गालिच्याचं निघालं.

वाळू धुवायची ती लाकडी पन्हळीत. पन्हळीच्या तळाशी गालिचा अंथरलेला असतो. वरून वाळू आणि पाणी ओतायचं. वाळू वाहून जाते आणि सोन्याची पूड जड म्हणून गालिच्याच्या लवेत अडकते. संध्याकाळी गालिचा बादलीत झटकून धुवायचा आणि खालचा गाळ परातीत घोळवायचा. गालिच्याशिवाय पन्हळ म्हणजे नुसती फळी, आणि आपला गालिचा कोणी कोणाला देत नाही. ज्याचा हात त्याचा गालिचा. लोक खुशाल मासळीचा डबा देतील, डुकराचं पिल्लू देतील, पण गालिचा मागितला तर बहिरे होतील.

थेक्लाचा गालिचा हिरवा होता. कामिलुस नवा जावई होऊन आला तेव्हा त्याने तो वर पांगुनाला, खाणीपाशी, कंपनीच्या क्लबाच्या ओसाड नाचघरातून सुरीने कापून आणला होता. त्याच्या आयुष्यातला तो एकमेव पराक्रम, आणि कामिलुस तो अजून सांगतो. साहेब लोक ज्याच्यावर नाचले त्याच्यावर थेक्लाने इतकी वाळू धुतली, की वरची लव झडून मधोमध टक्कल पडलं.

एका रविवारी प्रार्थनेनंतर बिबीच्या ओसरीवर आईभोवती पाचसहा बायका सुपारी खात बसल्या होत्या. शेजारची लुडविना त्यात होती. म्हणजे जे होईल ते संध्याकाळपर्यंत खोऱ्याच्या दोन्ही तोंडांना पोचणार होतं. आणि नेमक्या तेव्हाच आई म्हणाली, "थेक्ला, बिबीची पन्हळ तयार झाली बघ. तेवढी गालिच्याची सोय कर तिच्या."

"मी?"

"मग काय लुडविना करणार?"

"माझं नाव कशाला घेता काकी," लुडविना म्हणाली. "मी तर ऐकलंच नाही काही."

बायका हसल्या. बिबियाना म्हणाली, "राहू दे ना आई. मी गोणपाट घालीन."

हा तिचा गोडवा! थेक्ला उठली आणि तरातरा घरी गेली.

पलंगाखाली तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेला एक नवा गालिचा होता. लाल, दाट लवेचा, बोट घातलं तर बुडेल असा. गेल्याच आठवड्यात अरावाच्या दुकानातून आणलेला. तो अंथरून जेवणाच्या आधी वळणावर आपला हात दाखवायचा, असा तिचा बेत होता. तिने पोतं पायाने आणखी आत ढकललं आणि बाहेर येऊन पन्हळीतला हिरवा गालिचा ओढून काढला.

कामिलुसने मान वर केली. "हा देतेस?"

"मग काय लाल देऊ?"

"तसं नाही गं. पण निदान आधी जाळून तरी बघ. जुना गालिचा आहे, लोक जाळतात, राख धुतात…"

"लोक जाळतात, कारण लोकांना धुता येत नाही," थेक्ला म्हणाली. "मी धुतलेल्या गालिच्यात कण उरतो का? सांग, उरतो?"

हे खरं तर तिचं ब्रीद होतं. थेक्लासारखं झटकून, पिळून, आपटून कोणी धूत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. कामिलुसने केळ्याचं साल बाजूला ठेवलं आणि मूग गिळून पडून राहिला. घरजावयाला जितकं बोलायचं तितकं तो बोलला होता.

तिला वाटलं होतं, टक्कल पडलेला गालिचा बघून निदान लुडविना तरी नाक मुरडेल. झालं भलतंच. ओसरीवरच्या बायका पुढे सरकून गालिचा न्याहाळायला लागल्या. मग लुडविना म्हणाली, "अगं बाई! हाताखालचा दिला?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी थेक्ला," ती म्हणाली, आणि तिने एक सुपारी फोडून अर्धी थोरलीच्या आणि अर्धी धाकटीच्या हातावर ठेवली. दोघींनी चुना लावून ती सगळ्यांदेखत चघळली. सुपारी चघळून दिलेलं परत मागता येत नाही. थेक्लाला त्याचं काही वाटलं नाही. टकला गालिचा परत मागायला तिला वेड लागलं होतं का?

पुढच्या आठवड्यात तिच्या पन्हळीत लाल गालिचा दिसला. "कामिलुसने आणला," ती विचारणाऱ्याला सांगायची. "मी नको नको म्हणत होते." कामिलुस उभ्या जन्मात स्वतःहून अरावाला गेला नव्हता, पण तेवढ्या बारकाईत कोणी शिरलं नाही.

मग दिवस छान गेले. थेक्लाची परात संध्याकाळी पिवळी व्हायची. बिबियानाच्या परातीत काळी वाळू आणि तिच्या कडेला दोनचार कण, तेही भिंगातून बघावेत असे. थेक्ला मुद्दाम तिच्या पन्हळीवरून जायची.

"काय गं, आज?"

"आजही तुझ्या गालिच्याने उपास घडवला, ताई."

आणि हसायची! थेक्लाला वाटायचं, रड की गं मेले एकदा तरी. पण नाही. परातीत काही नसलं तर ती रताळी घेऊन यायची, थेक्लालाच द्यायची. रताळीही गोड असायची. तिच्या खोपटातून संध्याकाळी आईचं हसणं ऐकू यायचं. म्हातारी आपल्या घरी कधी अशी हसली होती का, हे थेक्ला आठवून आठवून बघायची. तिला आठवायचे ते ताप, ओढे, पाठीवरचं वजन. ज्याच्या पाठीवर बसून दुःख काढलं त्याच्याजवळ बसून माणूस हसत नाही की काय? तिला रडू यायचं आणि रडू आल्याचा राग यायचा, आणि तो राग ती लाल गालिच्यावर काढायची. आपटून आपटून त्याच्या कडा निघायला लागल्या.

जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं कूळ नदीकाठी जमलं होतं. डुकरं आणली होती, दगड तापत होते, बायका उखळात अळकुड्या आणि केळी कुटत होत्या, नारळ खवले जात होते. तोनेवामामा सिमेंटच्या गोणीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होता. तेवढ्यात बिबियाना पन्हळीवरून आली. हातात हिरवा गालिचा, मधोमध उभा फाटलेला.

"ताई, गेला गं. आता धरत नाही. जाळू का? तुझा आहे म्हणून विचारते."

सगळे ऐकत होते. थेक्लाने उखळातलं मुसळ थांबवलं नाही. "माझा कसला? दिला तेव्हाच तुझा झाला. जाळ नाहीतर पांघर."

लोक हसले. थेक्लाला आपल्या विनोदाचं बरं वाटलं.

बिबियानाने गालिच्याची घडी करून ती एका कापलेल्या लोखंडी पिंपात घातली आणि पेटवून दिली. काळा, उग्र धूर निघाला. मामा खोकला, शिव्या घालत गोणीवरून उठला. धूर संपला, राख निवली. बिबियानाने ती कुस्करून परातीत घेतली आणि पाण्याच्या कडेला उकिडवी बसली. परात गोल गोल फिरत होती, काळं पाणी सांडत होतं.

मग ती फिरायची थांबली.

"मामा," बिबियाना म्हणाली, "इकडे ये जरा."

परातीच्या कडेला पिवळी शेपटी उमटली होती. कणाकणाची नाही, चांगली बोटभर रुंद. लव झडली होती, पण लवेच्या मुळाशी, मागच्या रबरात, इतक्या वर्षांची बारीक पूड उतरून बसली होती, जिथे कुठल्याच झटकण्याचा हात पोचत नाही. दुसरी परात घेतली, तीही पिवळी. तिसरीही. खवण्या थांबल्या, मुसळं थांबली. कामिलुस उठला, म्हणजे प्रसंग खरंच मोठा होता. त्याने पारा आणला, राखेतलं सोनं पाऱ्यात गोळा केलं, फडक्यातून पिळलं, आणि वाफ लागू नये म्हणून सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं करून पळीत तापवलं. पारा उडून गेला. पळीत मोठ्या शेंगदाण्याएवढा पिवळा गोळा राहिला.

थेक्लाला कानात घूं घूं ऐकू येत होतं. त्या शेंगदाण्यात तिच्या सगळ्या संध्याकाळी होत्या. तिची कंबर होती त्यात, तिचे गुडघे. आणि तो बिबीच्या हातावर! बिबी आली, बसली, एक काडी लावली, की सोनं! केस तिला, गळा तिला, आई तिला, आणि आता हेही! माझ्या हाताने दिलं मी हे, सुपारी चघळून, आणि आज पुन्हा सगळ्यांसमोर तोंडाने!

"का गं थेक्ला," लुडविनाने विचारलं, आणि तिचा आवाज मधात बुडवलेला होता, "तू तर म्हणायचीस, मी धुतलेल्या गालिच्यात कण उरत नाही?"

हे म्हणजे आगीत तेल होतं. म्हणजे वर्षानुवर्षं धुता येत नव्हतं ते थेक्लालाच, हे आता उद्या खोरंभर होणार. थेक्लाचं भान सुटलं. मुसळ खाली टाकून ती पुढे झाली. "तो गालिचा माझा," ती ओरडली. "मी काय त्याच्यात हे आहे म्हणून थोडाच…"

"तिचाच," बिबियाना मोठ्याने म्हणाली, गाताना लावायची त्याच आवाजात. "ताईचाच. ताईला सगळं ठाऊक होतं. कण उरत नाही, कण उरत नाही असं ती का म्हणायची? म्हणजे कोणी तो जाळू नये. जपून ठेवला होता तिने. आणि मी रिकाम्या हाताने आले तेव्हा जपलेलाच उचलून दिला. न सांगता दिला. सांगितलं असतं तर मी घेतला असता का?"

लुडविनाचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यात अर्धी सुपारी दिसत होती. कामिलुस पळीकडे फार लक्ष देऊन बघायला लागला. थेक्ला जिथे होती तिथेच उभी, वाक्य अर्धवट. ते पुरं करायचं तर म्हणावं लागणार होतं, की मला ठाऊक नव्हतं, मी टाकाऊ म्हणून दिला. तिने तोंड मिटलं.

आई काठी टेकत आली आणि तिने थेक्लाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "डोंगरातही तू अशीच होतीस," ती म्हणाली. "आपल्या वाटचं मला खायला घालून मी जेवले म्हणायचीस." हे मात्र खरं होतं. थेक्ला ते विसरली होती. ती आईच्या खांद्यावर हमसून हमसून रडली, आणि बघणाऱ्या बायकांनीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी आजीच्या थडग्याच्या ओल्या सिमेंटपाशी उभं राहून तोनेवामामाने सांगितलं, की वळण थेक्लाच्या हाती. "जिला धरून ठेवता येतं आणि देताही येतं तिच्या हाती," तो म्हणाला. कूळ हो म्हणालं. थेक्लाला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि वाढलेलं डुक्कर तिच्या घशाखाली उतरेना.

जेवणं झाल्यावर दोघी बहिणी नदीवर भांडी घासत होत्या. वरून तांब्याचं पाणी येतं म्हणून तिथले दगड निळसर झालेत. थेक्लाने एक टोप तीनदा घासला.

"बिबे, तू खोटं का बोललीस?"

"कधी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मला ठाऊक नव्हतं त्यात काय आहे."

"तुला ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं," बिबियाना म्हणाली. "लाल गालिचाही ठाऊक होता. माझी पन्हळ बांधत होते त्या आठवड्यात तुझ्याकडे केर काढला ना, पलंगाखाली झाडूला पोतं लागलं. सोडून बघितलं. छान आहे."

थेक्लाचे कान तापले. "आणि तरी…"

"मला इथे राहायचंय, ताई. खालच्या काठाला नाही, इथे." बिबियानाने टोप विसळला आणि पालथा घातला. "तू मला तिकडे पाठवणार होतीस. तुझा चेहरा बघितला की कळतं सगळं, लहानपणापासून कळतं. आता कशी पाठवशील? आज आख्ख्या कुळाने तुला देणारी म्हटलं."

ती हसली नाही. थेक्लाने पहिल्यांदा तिला न हसताना पाहिलं, आणि तिला दिसलं, की हिच्याही डोळ्यांखाली काळं आहे, ही रात्र रात्र जागत असणार. तिला वाटलं, पटकन हिला जवळ घ्यावं. आणि त्याच्याच मागून, सवयीने, दुसरं वाटलं, की हे मला का नाही सुचलं? खोटं बोलावं तर तेही हिने माझ्यापेक्षा चांगलं बोलावं?

ती उठली, घरी गेली आणि पन्हळीतला लाल गालिचा आणि कामिलुसची सुरी घेऊन परत आली. वाळूवर गालिचा पसरून तिने तो मधोमध कापला. निदान मधोमध असं तिला वाटलं होतं. उचलून धरले तेव्हा एक तुकडा दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं मोठा निघाला. ती दोन्ही हातांत दोन तुकडे धरून उभी राहिली.

वर काठावर लुडविना भांडी घेऊन येत होती. गालिचा दिसताच ती थांबली.

मोठा तुकडा थेक्लाने बिबियानाला दिला.